दुकानाच्या काचेतील कनू: जुने प्रदर्शनी नमुने लिलावात घेऊ इच्छिणाऱ्या नवख्यांसाठी

कनू ही उत्तर अमेरिकेतील नद्या-तळ्यांवरची हलकी होडी आहे. ती दोन्ही टोकांना निमुळती व वरून उघडी असते आणि एका पात्याच्या वल्ह्याने चालवली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या मेन राज्यात या होडीचे भूर्जसालीचे जुने रूप मागे पडू लागले आणि सीडर या हलक्या लाकडाच्या पातळ फळ्यांवर कॅनव्हास ताणून, तो भरून व रंगवून होड्या बांधण्याचे कारखाने उभे राहिले. या कारखान्यांनी आपल्या विक्रेत्यांना दुकानाच्या दर्शनी काचेत मांडण्यासाठी छोट्या कनू बांधून दिल्या. ओल्ड टाउन कनू कंपनीच्या अशा नमुन्यांची लांबी साधारणपणे चार फूट किंवा आठ फूट असे. त्यांचा सांगाडा, फळ्या, कॅनव्हास आणि रंग हे सगळे मोठ्या होडीच्याच पद्धतीचे असे. आज लिलावात ज्यांच्यावर चढाओढीने बोली लागते त्या वस्तू म्हणजे हेच नमुने होत, आणि चांगल्या स्थितीतील नमुन्याची किंमत पाच आकडी डॉलरपर्यंत जाते.

भाव चढत असलेल्या बाजारात नवख्या माणसाला घाईने घेण्याचा मोह होतो. माझे मत असे आहे की हा वाढीव पैसा कनूच्या डौलदार आकारासाठी मोजला जात नाही. तो मूळ रंगाच्या अस्पर्श पृष्ठभागासाठी आणि सिद्ध करता येणाऱ्या उगमासाठी मोजला जातो. ज्या नमुन्यात या दोन गोष्टी नाहीत तो नमुना चढत्या बाजारातही मागे राहतो. म्हणून खालील पायऱ्यांमध्ये बोली लावण्यापेक्षा वस्तू पाहण्याला अधिक जागा दिली आहे.

पहिली पायरी: आपण नेमके काय घेत आहोत ते ठरवणे

लिलावाच्या यादीत ‘जुनी छोटी कनू’ या एकाच वर्णनाखाली निदान चार वेगळ्या वस्तू येतात आणि त्यांचे बाजारही वेगळे असतात. पहिला प्रकार कारखान्यात बांधलेल्या प्रदर्शनी नमुन्यांचा आहे. मेन राज्यातील ओल्ड टाउन गावची ओल्ड टाउन कंपनी, व्हीझी येथील बी. एन. मॉरिस आणि वॉटरव्हिल येथील केनेबेक, न्यूयॉर्क राज्यातील कॅंटनचा जे. एच. रश्टन, तसेच कॅनडातील पीटरबरो आणि फ्रेडरिक्टनची चेस्टनट ही त्या काळातील मोठी नावे आहेत. दुसरा प्रकार मूळ रहिवासी कारागिरांनी भूर्जसालीतून केलेल्या प्रतिकृतींचा आहे. मिगमॉ, पेनॉब्स्कॉट, अनिशिनाबे अशा अनेक समाजांत त्या प्रवाशांना विकण्यासाठी केल्या जात आणि काहींवर साळिंदराच्या काट्यांचे रंगीत भरतकाम असते. तिसरा प्रकार हौशी माणसांनी किंवा शाळेच्या कार्यशाळेत केलेल्या प्रतिकृतींचा, तर चौथा गेल्या काही दशकांत सजावटीसाठी तयार झालेल्या मालाचा आहे. हा चौथा माल नवा म्हणून विकला गेला तर त्यात गैर काही नाही. मात्र दोन-तीन हात बदलल्यावर तोच माल ‘जुना नमुना’ म्हणून यादीत येतो, आणि नवख्याचे पैसे सर्वाधिक अडकतात ते येथेच.

भूर्जसालीच्या नमुन्यांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण कारखान्यांच्या चकचकीत नावांपुढे त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. कॅनव्हासच्या कनूचा आकार या सालीच्या होड्यांवरूनच आलेला आहे. ओल्ड टाउन गावाला लागून पेनॉब्स्कॉट नदीतील बेटावर पेनॉब्स्कॉट लोकांची वस्ती आहे आणि त्या समाजातील माणसांनी कनूच्या कारखान्यांतही काम केले आहे. टॅपन ॲडनी (1868–1950) या अभ्यासकाने वेगवेगळ्या समाजांच्या होड्यांचे शंभराहून अधिक नमुने एकास पाच या प्रमाणात बांधले. तो संग्रह व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथील मरिनर्स म्युझियममध्ये आहे. सालीचा नमुना घेताना तो कोणत्या समाजातील कारागिराचा आहे हा प्रश्न आधी विचारावा. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने, मूळ रहिवाशांनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे हा गुन्हा ठरवला आहे.

दुसरी पायरी: मोठी होडी नीट पाहणे

नमुना ओळखायचा तर मोठी कनू कशी बांधली जाते ते आधी डोळ्यांत बसायला हवे. टोरोंटो परिसरातील मराठी वाचकांना हे सहज शक्य आहे, कारण पीटरबरो शहर मोटारीने साधारण दीड तासावर आहे आणि तेथील कॅनेडियन कनू म्युझियम 2024 मध्ये तळ्याकाठच्या नव्या इमारतीत सुरू झाले आहे. न्यूयॉर्क राज्यातील वाचकांनी ब्लू माउंटन लेक येथील ॲडिरॉन्डॅक एक्स्पीरियन्स किंवा क्लेटन येथील अँटिक बोट म्युझियम पाहावे. भारतातील वाचकांना छायाचित्रांवर अवलंबून राहावे लागेल. त्यांच्यासाठी 1979 मध्ये स्थापन झालेली वुडन कनू हेरिटेज असोसिएशन ही सर्वांत उपयोगी संस्था आहे, कारण तिच्या सदस्यांत जुन्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर आहेत आणि ते नवख्यांच्या प्रश्नांना मनापासून उत्तरे देतात.

बांधणीचा क्रम असा असतो. पांढऱ्या सीडरच्या बरगड्या वाफेवर मऊ करून साच्यावर वाकवतात. त्यांच्यावर सीडरच्याच पातळ फळ्या पितळी खिळ्यांनी ठोकतात. साच्यावरच्या लोखंडी पट्टीला आपटून खिळ्याचे टोक आतल्या बाजूला वळते आणि लाकडात परत रुतते. मग कॅनव्हास ताणून बसवतात, त्याची वीण एका लेपाने भरून काढतात, लेप वाळू देतात आणि रंग चढवतात. काठपट्ट्या बहुधा स्प्रूसच्या किंवा महोगनीच्या असतात, बैठका वेताने विणलेल्या असतात आणि टोकांना त्रिकोणी डेक, म्हणजे टोक वरून झाकणारी फळी, असतो. कारखान्याच्या नमुन्यात ही पद्धत छोट्या मापात दिसली पाहिजे.

तिसरी पायरी: भाव का चढतो आणि आकडे कसे वाचावेत

मुळात हे नमुने गिऱ्हाइकासाठी नव्हते, विक्रेत्यासाठी होते, म्हणून मोठ्या होड्यांच्या तुलनेत ते फार थोडे बांधले गेले. जे बांधले गेले त्यांतील अनेक दुकानाच्या उन्हात रंग उडून, मुलांच्या खेळात किंवा दुकान बंद पडल्यावर नाहीसे झाले. मागणी मात्र एकाच गटाची नाही. कनूचे संग्राहक, जुन्या जाहिरातवस्तूंचे संग्राहक, मासेमारी व शिकारीच्या जुन्या सामानाचे संग्राहक आणि तळ्याकाठची लाकडी घरे सजवणारे लोक असे वेगवेगळे गट एकाच वस्तूवर बोली लावतात. सोळा-सतरा फुटांची होडी दिवाणखान्यात मावत नाही, पण चार फुटांची भिंतीवरच्या फळीवर बसते, आणि त्यामुळे वापरण्याजोग्या पूर्ण आकाराच्या जुन्या कनूपेक्षा तिच्या नमुन्याला कित्येक पट किंमत येते. त्यात आता घरबसल्या बोली लावता येते. एरवी मेनमधील गावात जमणाऱ्या पन्नास माणसांपुरती राहिली असती ती स्पर्धा जगभर पसरली आहे.

तरीही एका मोठ्या आकड्यावरून बाजाराचा कल ठरवू नये. अशा विरळ बाजारात त्या दिवशी दोन हट्टी माणसे समोरासमोर आली की विक्रम होतो आणि त्यांतील एकाची गरज भागली की पुढचा तितकाच चांगला नमुना बराच खाली विकला जातो. लाइव्ह ऑक्शनियर्स आणि इन्व्हॅल्युएबल या संकेतस्थळांवर जुन्या लिलावांचे निकाल पाहता येतात. ते पाहताना दर्शवलेली रक्कम लिलावगृह खरेदीदाराकडून घेते ते कमिशन धरून आहे की न धरता, हे प्रत्येक वेळी तपासावे, कारण दोन आकड्यांत पाचव्या हिश्शाहून अधिक फरक केवळ यामुळे पडू शकतो. ज्या वस्तू विकल्या गेल्या नाहीत त्यांचीही नोंद ठेवावी. खरा अभ्यास मात्र तोच नमुना काही वर्षांनी पुन्हा लिलावात आला असता होतो. ओरखडे आणि रंगाचे डाग जुळवून तो ओळखता येतो, आणि तेवढ्यात डॉलरचे मूल्य किती घसरले व रुपया कुठे गेला याचा हिशेब केल्यावर वाढ किती उरते तेही कळते.

चौथी पायरी: वस्तू तपासणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल तर लिलावगृहाकडून स्थितीचा लेखी अहवाल मागवावा आणि आतील बाजू, दोन्ही डेक, टोके, काठपट्ट्यांची खालची बाजू व तळ यांची मोठी छायाचित्रे मागावीत. ही मागणी कोणत्याही प्रतिष्ठित लिलावगृहाला नवी नाही. टाळाटाळ झाली तर ती वस्तू सोडून द्यावी.

सुरुवात आतून करावी, कारण बाहेरचा रंग फसवू शकतो, पण आतला सांगाडा सहसा खोटे बोलत नाही. बरगड्या समान अंतरावर आहेत का, त्या काठपट्टीकडे निमुळत्या होत जातात का, आणि वळवलेल्या खिळ्यांची टोके आत ओळीने दिसतात का, हे पाहावे. खिळ्यांऐवजी स्टेपल दिसले, बरगड्या केवळ चिकटवलेल्या असल्या, किंवा फळ्यांच्या जागी प्लायवूड असले, तर तो जुन्या कारखान्याचा नमुना नव्हे. स्क्रूंची डोकी पाहणे ही सोपी पण फार उपयोगी चाचणी आहे. अधिक चिन्हाची खाच असलेले फिलिप्स स्क्रू 1930 च्या दशकाच्या मध्यानंतर बाजारात आले, म्हणून 1910 च्या म्हणवल्या जाणाऱ्या नमुन्यात ते असतील तर एक तर दुरुस्ती झाली आहे किंवा वस्तूच नंतरची आहे. फायबरग्लासचा थर असेल तर तो दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचा किंवा त्यानंतरचा असणार.

त्यानंतर घडणीतील सही शोधावी. मॉरिसच्या कनूंचा हृदयाच्या आकाराचा डेक प्रसिद्ध आहे. पीटरबरोच्या कारखान्यांत कॅनव्हास नसलेल्या, निव्वळ लाकडी बांधणीची मोठी परंपरा होती, म्हणून तेथील नमुन्यावर कॅनव्हास नाही एवढ्यावरून त्याला खोटा ठरवू नये. ओल्ड टाउनच्या पूर्ण आकाराच्या होड्यांवर आतील बाजूस टोकाच्या वळणदार लाकडावर अनुक्रमांक आणि लांबी ठोकलेली असते, आणि त्या क्रमांकावरून कारखान्याच्या जुन्या नोंदी पाहता येतात, ज्यांत रंग, लाकूड आणि होडी कोणाकडे रवाना झाली हेही लिहिलेले असते. प्रत्येक प्रदर्शनी नमुन्यावर असा क्रमांक सापडेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. तो असलाच तर नोंद जरूर काढावी. डेकवरील कंपनीचे नाव हा एकट्याने पुरावा होत नाही, कारण अशी चिकटचित्रे दुरुस्तीसाठी नव्याने छापली जातात. नाव भोवतीच्या व्हार्निशच्या खाली आहे की वर, आणि व्हार्निशला पडलेल्या बारीक तडा नावातूनही सलग गेल्या आहेत का, हे भिंगातून पाहावे.

रंगासाठी 365 नॅनोमीटरची अतिनील टॉर्च जवळ ठेवावी. अंधारात तिचा प्रकाश टाकला की जुने राळयुक्त व्हार्निश हिरवट-पिवळसर चमकते आणि नंतर मारलेल्या रंगाचे ठिपके बहुधा वेगळे उठून दिसतात. कापड, दोरा किंवा कागद निळसर पांढरा झगमगला तर त्यात आधुनिक शुभ्रक, म्हणजे पांढरेपणा वाढवणारे रसायन, आहे असे समजावे, आणि असे शुभ्रक 1950 च्या सुमारास सर्रास वापरात आले. जुन्या रंगाला तडे, घासटलेल्या कडा, उन्हाकडच्या बाजूला फिकेपणा असणे हे दोष नव्हेत. संग्राहक नेमके तेच शोधत असतात. उलट पूर्ण नव्याने रंगवलेला, नवा कॅनव्हास चढवलेला नमुना कितीही देखणा असला तरी त्याची किंमत मूळ रंगाच्या नमुन्याजवळ पोहोचत नाही. हा नियम मला पूर्ण पटतो, कारण पहिला रंग एकदा गेला की ती होडी दुकानाच्या काचेत होती याचा सर्वांत बोलका पुरावाच जातो.

येथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी. त्या काळातील कॅनव्हासच्या लेपात आणि रंगांत शिसे असे. म्हणून जुना नमुना कधीही पॉलिशपेपरने घासू नये, सुटलेले पोपडे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, आणि तपासणीनंतर हात धुवावेत.

पाचवी पायरी: मालकीची साखळी

नमुना कोणत्या दुकानातून आला, कोणत्या घरात राहिला आणि कोणत्या लिलावात विकला गेला, याची कागदोपत्री साखळी जितकी लांब तितकी किंमत पक्की. दुकानाचे जुने छायाचित्र, कंपनीचे पत्र किंवा विक्रेत्याच्या कुटुंबाने दिलेले सहीचे निवेदन यांना वजन आहे. ‘आजोबांच्या माळ्यावर सापडली’ या वाक्याला नाही. लिलावाच्या यादीतील शब्दही नीट वाचावेत. ‘ओल्ड टाउन कंपनीचा नमुना’ असे लिहिणे आणि ‘ओल्ड टाउनचा मानला जाणारा’ किंवा ‘त्या शैलीतील’ असे लिहिणे यांत कायद्याच्या दृष्टीने फार अंतर आहे. पहिल्या विधानाची हमी किती दिवस आणि कोणत्या अटींवर मिळते, हे लिलावाच्या अटींत दिलेले असते.

सहावी पायरी: खरी किंमत काढून बोली लावणे

अंतिम बोली म्हणजे देय रक्कम नव्हे. अमेरिकेतील लिलावगृहे खरेदीदाराकडून वेगळे कमिशन घेतात, ते सामान्यतः 20 ते 25 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून थोडे अधिक असते, आणि दुसऱ्या संकेतस्थळामार्फत बोली लावल्यास आणखी काही टक्के लागतात. केवळ समजण्यासाठी आकडे धरू. बोली 10,000 डॉलरला थांबली, कमिशन 25 टक्के आणि संकेतस्थळाचे शुल्क 3 टक्के असेल, तर बिल 12,800 डॉलरचे होते. त्यावर स्थानिक विक्रीकर लागू असल्यास तो, मग पॅकिंग, वाहतूक, विमा आणि जकात. म्हणून आपली कमाल बोली उलट दिशेने काढावी. एकूण किती खर्च करायचा ते ठरवून त्यातून हे सगळे वजा करावे आणि उरलेला आकडा कागदावर लिहून ठेवावा.

वस्तूला राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली ती विकली जात नाही असा आकडा, आहे का ते विचारावे. यादीतील अपेक्षित किंमत पुष्कळदा गिऱ्हाइकांना ओढण्यासाठी कमी ठेवलेली असते, तिला मूल्यांकन समजू नये. अनेक चांगले नमुने कनूच्या नावाने भरलेल्या लिलावात येतच नाहीत. ते शिकारीत पक्ष्यांना भुलवण्यासाठी केलेली लाकडी बदके आणि रानावनाची चित्रे विकणाऱ्या कोपली किंवा गायेट अँड डीटर यांच्यासारख्या लिलावगृहांत येतात, म्हणून त्यांच्याही याद्या चाळाव्यात. मेनमध्ये सकाळी दहाला सुरू होणारा लिलाव भारतात उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला सुरू होतो. आपल्या वस्तूचा क्रमांक यायला मध्यरात्र होईल असे वाटले तर कमाल बोली आधीच लेखी देऊन ठेवणे शहाणपणाचे, कारण झोपेच्या डोळ्यांनी लावलेली शेवटची बोली बहुधा कागदावरच्या आकड्याच्या पुढे जाते.

पहिल्याच खरेदीत ओल्ड टाउन किंवा मॉरिसच्या नमुन्याला हात घालू नये, असे मी सुचवीन. कारागिराचा समाज ठाऊक असलेला भूर्जसालीचा छोटा नमुना किंवा सरळ नवा म्हणून विकला जाणारा, उत्तम कारागिराने बांधलेला नमुना घेऊन नजर तयार करावी.

सातवी पायरी: घरापर्यंत आणणे

चार फूट म्हणजे सुमारे 122 सेंटिमीटर आणि आठ फूट म्हणजे सुमारे 244. आठ फुटी नमुन्याला विमानाच्या मालवाहतुकीत लाकडी पेटी लागते आणि तिचा खर्च वजनापेक्षा आकारमानावर ठरतो. लिलावगृहे अनेकदा स्वतः पाठवत नाहीत, पॅकिंग करणाऱ्या व्यावसायिकांची नावे देतात. त्यांच्याकडून बोली लावण्यापूर्वीच अंदाज घ्यावा. पेटीच्या कच्च्या लाकडावर आंतरराष्ट्रीय नियमानुसार उष्णता-प्रक्रियेचा शिक्का असावा लागतो, नाहीतर माल बंदरात अडकतो.

भारतातून पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत प्रत्येक आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरची मर्यादा आहे आणि ठरावीक रकमेपुढे बँक कर कापून घेते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी जकातीच्या वेळापत्रकात 9706 हे स्वतंत्र शीर्षक आहे, म्हणून 1910 च्या दशकातील नमुना आणि 1930 च्या दशकातील नमुना यांना वेगळा दर लागू होऊ शकतो. वयाचा लेखी पुरावा येथे पुन्हा उपयोगी पडतो. साळिंदराचे काटे किंवा प्राण्याचे केस असलेला सालीचा नमुना असेल, तर वन्यजीवविषयक परवानगीबद्दल सीमाशुल्क दलालाला माल निघण्यापूर्वी विचारावे.

शंभर वर्षांचा प्रश्न परतीच्या वाटेवरही उभा राहतो. भारताच्या 1972 च्या पुरावस्तू व कलासंपदा कायद्यात पुरावस्तूच्या व्याख्येला साधारणतः शंभर वर्षांची अट आहे, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पुढे कधी हा नमुना अमेरिकेतच विकायचा विचार असेल, तर आयातीची सर्व मूळ कागदपत्रे जपावीत आणि निर्यातीपूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी अभिप्राय घ्यावा.

आठवी पायरी: सांभाळणे

सीडर आणि कॅनव्हास यांना हवेतील ओलाव्याची मोठी चढउतार सोसत नाही. साधारण 45 ते 55 टक्के सापेक्ष आर्द्रता चांगली, पण मुंबईत किंवा रत्नागिरीत पावसाळ्यात ती कितीतरी वर जाते, आणि रात्री वातानुकूलन चालू व दिवसा बंद अशा वापराने लाकूड रोज फुगते-आकसते. अशा ठिकाणी काचेच्या बंद पेटीत सिलिका जेल व आर्द्रतामापक ठेवून नमुना मांडावा आणि जेल महिन्यातून एकदा तरी तपासावे. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. वाळवी आणि लाकूड पोखरणारा भुंगा यांच्यासाठी तळाखाली पिठासारखा भुसा पडतो का ते पाहत राहावे, मात्र नमुन्यावर थेट कीटकनाशक फवारू नये.

कनू आडव्या दांड्यांना दोरी बांधून छताला टांगू नये, कारण सगळा भार काठपट्टीच्या सांध्यांवर येतो. तळाच्या आकाराप्रमाणे कापलेल्या, आम्लविरहित फेल्ट लावलेल्या दोन लाकडी आधारांवर ती ठेवावी. धूळ मऊ ब्रशने झाडावी. जवसाचे तेल, फर्निचर पॉलिश आणि ओले फडके तिन्ही टाळावीत. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच सर्व बाजूंनी, साध्या आणि अतिनील अशा दोन्ही प्रकाशांत छायाचित्रे काढावीत आणि ती लिलावाची पावती, स्थितीचा अहवाल व जकातीच्या कागदांसोबत एका फाइलमध्ये ठेवून तिची एक प्रत विमा कंपनीकडे द्यावी. विम्याची रक्कम दर दोन-तीन वर्षांनी नव्या लिलावांचे निकाल पाहून बदलून घ्यावी.